तेवीसशे पन्नासची जुळी शिंगं

१२ जानेवारी

खडू,

पाकीट मिळालं. आत चिठ्ठी नाही, "बाबा" नाही, "कसे आहात" नाही. दोन आलेख, आणि त्यांतल्या एकावर पेन्सिलीने काढलेली चार वर्तुळं. मी पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा. तुझी आई म्हणाली, "अहो, फाडाल." मग मी ते खाली ठेवलं.

तू घरातून पाय आपटत गेलीस तेव्हापासून आईशी फोनवर तास तास बोलतेस आणि मागे माझा आवाज आला की "ठेवते" म्हणतेस. मला ऐकू येतं ते. निवृत्त झालोय, बहिरा नाही झालो. पण वर्तुळं माझ्यासाठीच असणार, कारण अवरक्त किरणांच्या (इन्फ्रारेड) आलेखातलं तुझ्या आईला ओ की ठो कळत नाही. तेव्हा उत्तर देतो. राग राहू दे बाजूला, काम ते काम.

पहिला आलेख बघून बरं वाटलं. तुझं नवं संयुग त्यात स्वच्छ दिसतंय. शिखरं जिथल्या तिथे, खालची रेघ सपाट, मधे कुठे लुडबुड नाही. माझ्या काळी असा आलेख भिंतीवर लावला असता आम्ही.

आणि दुसरा? शी! तीच पावडर, तीच तारीख, आणि हा असा अवतार. तू वर्तुळं काढलीस ती शिखरं तुझ्या संयुगाची नाहीत, हे तुलाही कळायला हवं होतं. २९२० आणि २८५० या आकड्यांवरची शिखरं म्हणजे लांब साखळीची चरबी. १७४० म्हणजे त्याच चरबीचं एस्टर. आणि १२६० ला जे टोकदार उभं आहे ते सिलिकॉन. चरबी अधिक सिलिकॉन म्हणजे हाताला लावायचं क्रीम, दुसरं काही नाही. हाताला क्रीम चोपडून, पावडर दाबून केलेल्या नमुन्याच्या चकतीला बोटं लावतेस? माझ्या प्रयोगशाळेत एक महाभाग होता, नमुन्याच्या चमच्याने चहा ढवळायचा आणि वर तो चमचा चाटून परत ठेवायचा. मला त्याच्या नुसत्या आठवणीने आज मळमळतं. तू त्याच्या पंगतीला जाऊन बसलीस.

एका शिखराला मात्र तू वर्तुळ काढलेलं नाहीस. २३५० पाशी जुळी शिंगं उगवलीयेत ती. तुला ती ओळखू येणारच, सात वर्षांची होतीस तेव्हापासून ओळखतेस. रविवारी मी तुला कामावर घेऊन जायचो. यंत्र आधी नुसती हवा मोजतं, मग नमुना मोजतं, आणि वजाबाकी करतं. मधल्या वेळात कोणी नमुना ठेवायच्या पेटीवर उच्छ्वास सोडला की तो कार्बन डायऑक्साइड वजाबाकीत उरतो आणि ही शिंगं दिसतात, हे मी तुला तेव्हा सांगितलं होतं. मी पेटीचं झाकण उचललं की तू दोन्ही गाल फुगवून श्वास धरून उभी राहायचीस. झाकण मुद्दाम लावायचो नाही मी, तुझा चेहरा लाल होईपर्यंत. एवढीशी असून तुझ्या कोणत्याही आलेखात कधी शिंगं आली नाहीत. आता पंचविशी ओलांडल्यावर आली. लाज वाटली मला, खरं सांगतो.

तुझ्या प्रबंधाचा शेवटचा भाग या आलेखांवर उभा आहे. परीक्षक अशी घाण बघून संयुगच खोटं म्हणेल आणि सगळी वर्षं पाण्यात जातील. मागच्या वेळी घरी येऊन म्हणालीस, "बाबा, मला परत तिथे जायचं नाही." का विचारलं, तर मुकाट. मी पळपुटी म्हटलं ते तुला झोंबलं. पण तोंडाशी आलेला प्रबंध टाकणाऱ्याला दुसरं काय म्हणतात?

हात धू. क्रीम फेक. श्वास धर.

तुझा बाप

३० जानेवारी

खडू,

दुसरं पाकीट आलं. परत दोन आलेख, परत तीच गंमत. एक शहाणा, एक वेडा. वेड्यावर तीच चार वर्तुळं. अगं, सांगितलं ना क्रीम आहे म्हणून! माझं पत्र वाचतेस की कचऱ्यात टाकतेस? आणि एकाच नमुन्याचे दोन दोन आलेख पाठवून टपालाचं वजन का वाढवतेस? चांगला आहे तो ठेवायचा, बिघडलेला फाडायचा, एवढी साधी गोष्ट.

आईला मी म्हटलं, "तुझी लेक हल्ली नटायला लागलीये, क्रीमबिम लावते." आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "तिला कुठे चालतं क्रीम? वासाचं काही लावलं की अंगभर पुरळ." मी म्हटलं, आता चालायला लागलं असेल. आई भाजी उगाच परत परत निवडत बसली.

या वेळी शिंगं पहिल्यापेक्षा मोठी आहेत. तुमच्या यंत्राच्या पेटीचं झाकण मोडलंय असं आई तुझ्याकडून ऐकून सांगत होती. मोडलं असेल तर दुरुस्त करून घ्या, की तेही मी येऊन करू? बिनझाकणाच्या पेटीवर तोंड घालून धापा टाकत बसतेस का? काय चाललंय काय तुझं?

शेवटी मी तुझ्या गाईडनाच फोन लावला. तू चिडशील, चीड. ते माझ्या हाताखाली शिकलेत, पण आज मोठे आहेत, मी त्यांना अहो-जाहोच करतो. किती आदराने बोलले! "सर, तुमच्यामुळे मी आज इथे आहे." मी सांगितलं, पोरीचे आलेख बिघडतायत, जरा लक्ष ठेवा. तर म्हणाले, "सर, तुम्ही निर्धास्त राहा. ती यंत्रावर बसली की मी जातीने तिच्या मागे उभा असतो." आता एवढा मोठा माणूस, त्याला शंभर कामं, तो तुझ्यामागे उभा राहतो. अशी माणसं भेटायला नशीब लागतं. कधी त्यांचे हात बघ. उभा जन्म आम्लात घालवला, पण हात बघावेत तर लोण्यासारखे. नीटनेटका माणूस म्हणजे काय, ते त्यांच्याकडून शीक.

फोन ठेवल्यावर बरं वाटलं. आई जेवायला वाढताना काहीतरी पुटपुटत होती. तिला ते आवडत नाहीत. आपल्याकडे येऊन गेले त्या दिवशी त्यांनी हात पुसलेला टॉवेल तिने चिमटीत धरून धुवायला टाकला होता. मी तेव्हा हसलो होतो.

बाबा

१६ फेब्रुवारी

खडू,

तिसरं पाकीट. आता मात्र हद्द झाली.

वेड्या आलेखात शिंगं तुझ्या संयुगाच्या सगळ्यात उंच शिखराच्याही वर गेलीयेत. माझ्या उभ्या नोकरीत मी असा आलेख पाहिला नाही. नवशिका पोरगा चुकून पेटीत शिंकला तरी एवढी उगवत नाहीत. आणि क्रीमची शिखरं अशी ठळक, की वाटावं चकती क्रीममध्ये बुडवून काढलीस. हे बिघडणं नाही, हा माज आहे. मी क्रीम म्हणतो, तू अजून क्रीम लावतेस. मी श्वास धर म्हणतो, तू अजून फुंकर घालतेस. माझ्यावर राग काढायचाय तर फोन करून शिव्या घाल ना. यंत्राचे का हाल करतेस? किळस आली मला, स्पष्टच सांगतो. कागद हातात धरवेना.

आणि सोबतचा शहाणा आलेख आरशासारखा लख्ख. म्हणजे येतं तुला, पण करायचं नाही.

मी अजून अधूनमधून त्या रंगांच्या कारखान्यात तपासणीला जातो, तुला माहीत आहे. त्यांचं यंत्र जुनंच, त्याचंही झाकण कधीच गेलंय. उद्या जाऊन तुझी चूक जशीच्या तशी करून दाखवतो. तुझ्याएवढी शिंगं यायला किती गलथानपणा करावा लागतो, ते आलेखासकट पाठवतो. मग बोल.

बाबा

१८ फेब्रुवारी

खडू, बाळा,

काल रात्रीपासून तुला फोन करतोय. तू उचलत नाहीस. उचलू नकोस, पण हे पत्र वाच. कुरियरने पाठवतोय.

काल कारखान्यात गेलो. तिथे माझ्याबरोबर एकजण काम करतो, त्याला सगळे ढोल्या म्हणतात. आडवातिडवा गडी, मनाने सरळ, दुपारच्या डब्यात कच्चा कांदा असतोच. त्याला म्हटलं, बस बाजूला, गंमत दाखवतो, माझी लेक कशी घाण करते बघ.

आधी श्वास धरून आलेख काढला. शिंगं नाहीत. मग रोजच्यासारखा श्वास घेत यंत्रापाशी बसलो. एवढीशी आली, नखाएवढी. मग पुढे वाकलो, तू वाकत असशील तसा. थोडी वाढली. मग मुद्दाम तोंड उघडं ठेवून धापा टाकल्या. तरी तुझ्या पहिल्या आलेखाच्या जवळपास नाही. मला घाम फुटला. ढोल्या म्हणाला, "साहेब, एका माणसाचं काम नाही हे."

तो सहज बोलला. त्याला काही माहीत नव्हतं.

मी त्याला म्हटलं, माझ्या मागे उभा राहा. तो हातभर अंतरावर उभा राहिला. आलेख काढला, शिंगं थोडी चढली. म्हटलं, अजून पुढे ये. अजून चढली. तुझा पहिला आलेख मी यंत्राशेजारी टेकवून ठेवला होता, त्याच्याशी मिळवून बघत होतो. म्हटलं, वाक. तो वाकला. त्याचं पोट माझ्या पाठीला लागलं. अजून वाक. त्याची हनुवटी माझ्या खांद्यावर आली, तोंड माझ्या कानापाशी, आणि तिथून सरळ पेटीवर. कांद्याचा तो ऊन ऊन श्वास माझ्या गालावरून जात होता. मी आलेख काढला. तेव्हा कुठे तुझ्या पहिल्या आलेखाएवढी शिंगं आली. पहिल्या. तिसऱ्याएवढी नाहीच आली.

ढोल्या बिचारा म्हणाला, "झालं का साहेब? मलाच कसंतरी होतंय." मी त्याला ढकललाच. म्हातारा पुरुष आहे मी, मागे उभा राहा असं मीच त्याला सांगितलं होतं, तरी मला तिथे क्षणभर उभं राहवेना. मोरीत धावलो. कान घासून घासून धुतला, अजून लाल आहे.

तू श्वास सोडत नव्हतीस. तू श्वास धरून बसली होतीस, लहानपणी बसायचीस तशी. तो उच्छ्वास तुझा नाहीच.

आणि क्रीम. तुझी आई भाजी निवडता निवडता जे म्हणाली ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. तुला क्रीम चालत नाही. तुझा तो गाईड आपल्याकडे आला होता तेव्हा त्याने खिशातून चपटी ट्यूब काढली होती, बोलता बोलता बोटं एकमेकांत घालून चोळत होता, आणि त्या गोड वासाने खोली भरून गेली होती. ते क्रीम तुझ्या चकतीवर यायचं तर आधी कुठे लागावं लागतं, याचा विचार मी आजपर्यंत केला नव्हता. तुझ्या हातावर, दुसरं कुठे? तुझे हात धरले असतील त्याने. मला हे लिहिताना पेन फेकून द्यावंसं वाटतंय.

तू जोड्या पाठवत होतीस. तो नसताना काढलेला एक, तो असताना काढलेला एक. बाकी सगळं सारखं, फरक तेवढाच. माणूस कसा मोजावा हे मीच तुला शिकवलं, आणि तू मोजून पाठवलास. मी विचारलं, टपालाचं वजन का वाढवतेस. तू ओळखीच्या शिखरांना वर्तुळं काढत होतीस, क्रीम मला ओळखू येईल म्हणून, आणि क्रीमवरून मी पुढे जाईन म्हणून. मी तुला हात धुवायला सांगत बसलो. आणि वर त्याला फोन करून, लक्ष ठेवा म्हणून सांगितलं. त्या फोननंतरच्या आलेखात शिंगं सगळ्यात उंच आहेत. तारखा मी ताडून पाहिल्या, एकदा नाही, दहादा.

शी. शी. शी. त्याची नाही, त्याची तर आहेच, माझी. त्या हातांना मी लोण्यासारखे म्हणालो.

आता नीट ऐक. प्रबंध गेला खड्ड्यात. तुला आज निघायचं असेल तर आज नीघ, तुला पळपुटी म्हणणारी जीभ माझी होती आणि ती झडली. तुला तिथेच राहून प्रबंध पुरा करायचा असेल तर तो करून घ्यायची वाट आपण शोधू, गाईड बदलता येतो. तुला त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं असेल तर मी बाजूला उभा राहीन. यातलं काय, ते तू ठरवायचंस. मला आत्ताच्या आत्ता येऊन त्याची गचांडी धरायचीये. पण मागच्या खेपेला तुला न विचारता मी जे केलं त्याने काय झालं ते माझ्यासमोर कागदावर आहे. म्हणून विचारतोय. आईला सगळं सांगितलं. तिने माझ्याकडे फक्त बघितलं. त्यापेक्षा तिने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर परवडलं असतं.

तू सांगितल्याशिवाय मी हलणार नाही. पण सांग. काहीही पाठव.

बाबा

२७ फेब्रुवारी

खडू,

आलं पाकीट. या वेळी जोडी नाही, एकच कागद. नमुनाच नाही, रिकामी पेटी. रेघ सपाट आणि २३५० पाशी नखाएवढी शिंगं. एका माणसाची, साध्या श्वासाची. आजवर कधीच वर्तुळ काढलं नव्हतंस त्यांना. आज काढलंस, आणि पेन्सिल इतकी दाबलीस की कागद फाटलाय. खाली लिहिलंयस, "बाबा, या. आईला आणा."

आई बॅग भरून दारात उभी आहे. मी शर्ट उलटा घातला म्हणून मला परत आत पाठवलं.

एक सांगून ठेवतो, म्हणजे तिथे आल्यावर तुझा धीर खचायला नको. या आलेखांचा मला काय अर्थ लागतो ते मी जिथे सांगशील तिथे सांगेन, ढोल्याला घेऊन येऊन करूनही दाखवेन. तो तयार आहे, रडला बिचारा ऐकून. पण श्वासावर कोणाचं नाव छापलेलं नसतं. क्रीमची ट्यूब बाजारात कोणालाही मिळते. समोरचे लोक म्हणतील, असेल कोणी शिपाई, असेल कोणी मैत्रीण. कागदाने माझे डोळे उघडले. त्यांचे उघडायला तुला बोलावं लागेल, मोठ्याने, लोकांसमोर. ते माझ्याने होणार नाही, ते तुझंच आहे.

आधी तुझ्या खोलीवर येऊ. मी दाराबाहेर थांबेन, तू आत बोलावलंस तरच येईन. आई कशाला थांबतेय, ती सरळ आत घुसेल.

निघालो.

बाबा

१५ मार्च, तुमच्या संस्थेत, चौकशीच्या खोलीबाहेरच्या बाकावर

खडू,

तू भिंतीपलीकडे तुझी तक्रार मांडतेयस आणि मी तुला पत्र लिहितोय. हसशील. पण गप्प बसून राहिलो तर काहीतरी वेडंवाकडं करून बसेन, त्यापेक्षा हे बरं. तुझी पिशवी माझ्या मांडीवर आहे, तिच्यावरच कागद ठेवलाय.

आत जाताना तू आईचा हात धरलास आणि मला म्हणालीस, "तुम्ही इथेच बसा." मला लागलं. लागायलाच हवं होतं. आलो त्या दिवशी तुझ्या खोलीच्या दारात मला पहिलं वाक्य काय बोललीस, तर "तुमच्या फोननंतर तो रोज मागे उभा राहायला लागला. म्हणायचा, तुझ्या वडिलांनीच सांगितलंय." बस, एवढंच. रडली नाहीस, ओरडली नाहीस. चकती कशी धरायची ते दाखवतो म्हणून हात धरायचा आणि सोडायचा नाही, हेही तू आईकडे बघून सांगितलंस, माझ्याकडे नाही. मी पंख्याकडे बघत बसलो. चहा गार झाला तो आईने ओतून दिला.

मघाशी तुला सांगायला हवं असं एक झालं, ते लिहितो.

तो आला. आधी वास आला, मग तो. त्याला नंतर आत बोलावणार आहेत म्हणे. हातात फाइल, चेहऱ्यावर तेच हसू. "सर! तुम्ही कशाला एवढा त्रास घेतलात?" आणि हात पुढे केला. मी तुझी पिशवी दोन्ही हातांनी धरून बसलो. तो हात थोडा वेळ तसाच राहिला, मग त्याने मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने चोळला. सवय.

मग तो खाली वाकला. माझ्या कानापाशी. किती सहज वाकतो तो माणूस, बाळा! हळू आवाजात म्हणाला, "सर, मुली हळव्या असतात, साध्या गोष्टीचं काहीतरी करून बसतात. तुम्ही समजवा तिला. प्रबंध तयार आहे, सही शेवटी माझीच लागते." तोंडाला पेपरमिंटचा वास. तो ऊन श्वास माझ्या त्याच कानावर आला, आणि मी काय केलं असेल? श्वास धरला. आपोआप. पुतळ्यासारखा बसून राहिलो. तेव्हा मला कळलं की एवढे महिने तू त्या खुर्चीवर अशी का बसून राहायचीस. तोवर मला तेही कळलं नव्हतं, मनात कुठेतरी वाटत होतं, की उठून एक ठेवून का नाही दिलीस. आता नाही वाटत. माझेही हात उचलले गेले नाहीत. हा माझ्याहून लहान, माझ्याकडे शिकलेला, आणि मी बापासारखा बाप असून दगड झालो होतो.

शेवटी दम संपला म्हणून तोंड उघडलं आणि शब्द बाहेर पडले. म्हटलं, "मागे सरक."

तो हसला. "सर, जरा हळू..."

"मागे सरक!" आता एवढा मोठा आवाज निघाला की टोकाला बसलेल्या कारकूनबाई उठून उभ्या राहिल्या. तो एक पाऊल मागे गेला. मी म्हटलं, "अजून. अजून. भिंतीला लागेपर्यंत." कारकूनबाई बघत होत्या, शिपाई बघत होता, जिन्यावरून दोन मुली येत होत्या त्या थांबल्या. तो सरकत सरकत समोरच्या भिंतीला टेकला. मी म्हटलं, "हां. आता तिथून बोल, मघाशी काय सांगत होतास ते. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

त्याने फाइल उघडली. कान सोडून दुसरीकडे बोलायला त्याच्याकडे काहीच नव्हतं.

त्या दोन मुलींतली एक पुढे आली. पाणी हवंय का, असं मला विचारलं. नको म्हटलं. मग तिने हळूच विचारलं, "आत गेलेली तुमची मुलगी का?" मी हो म्हटलं. ती माझ्या शेजारी बाकावर बसली आणि तिनेही आपली पिशवी मांडीवर घेतली. म्हणाली, "तिचं झालं की मीपण जाणार आहे." दुसरी उभी राहिली, पण गेली नाही. तो भिंतीपाशी फाइल उघडून खोटं खोटं वाचत होता. त्याची पानं उलटत नव्हती.

आत्ता दारातून तुझा आवाज येतोय. शब्द कळत नाहीत, पण तू बोलतेयस, मधे थांबत नाहीयेस. कोणीतरी काही विचारलं, तू उत्तर दिलंस. आईचा आवाज अजून एकदाही आला नाही, म्हणजे तुला तिची गरज पडली नाही.

मी दाराला कान लावणार नाही. जे सांगायचं असेल ते तूच सांग, सांगावंसं वाटेल तेव्हा, नाही वाटलं तर नको. मी इथे बाकावर आहे. पिशवी सांभाळतोय.

बाबा